तेंडाईची नक्कल

इंदापूरजवळच्या बावड्याहून इंग्लंडला निघाले त्या सकाळी दारात भाड्याची गाडी उभी होती, बॅगा बांधून झाल्या होत्या आणि मी ओट्यावर उभी राहून डेअरीवर दूध घेणाऱ्या अण्णांची नक्कल करत होते. चष्मा नाकावर ओढून, मान तिरकी करून, "फॅट कमी लागतीया वो वैनी." सगळे हसले. आई पदराने डोळे पुसत हसली. कुणी रडू नये म्हणूनच तो सगळा खटाटोप होता.

गाडीत बसताना आई खिडकीपाशी आली. "तितं गेल्यावर तोंड आवर. तितली माणसं आपल्यातली न्हाईत."

तात्या, म्हणजे माझे वडील, मागून म्हणाले, "आगं, करू दी की तिला. नक्कल करायची म्हंजी माणसाकडं नीट बघावं लागतं. न्हाईतर कोण कुणाकडं बघतंय?"

बारामतीला नर्सिंग शिकले होते, तिथल्याच एका दवाखान्यात काही वर्षं काढली होती आणि मग बर्मिंगहॅमच्या इस्पितळात नोकरी लागली होती. इथं आल्यावर पहिले तीन महिने मी कुणाचीच नक्कल केली नाही. करणार कशी, बोलणंच अर्धं कळायचं. फोनवर पेशंटच्या नातेवाईकांचं इंग्रजी ऐकताना घाम फुटायचा. तेव्हा माझ्या हातातला फोन न बोलता स्वतःकडे घ्यायची ती तेंडाई.

तेंडाई झिंबाब्वेची. त्याच वॉर्डात तिला अठरा वर्षं झाली होती. मी तात्यांना तिचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडच्या देवीचंच नाव वाटतंय. तुळजाई, यमाई, तेंडाई." पहिल्या थंडीत मी तापाने फणफणले, तेव्हा ती दोन बसा बदलून माझ्या खोलीवर आली. डब्यात मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि कसलीशी पालेभाजी होती. मी चार घास खाल्ले आणि रडले. तिने काही विचारलं नाही. स्वतःचा जाड कोट दाराच्या खुंटीला लावला आणि तसाच ठेवून गेली.

माणूस जवळचं झालं की माझ्या जिभेवर त्याचा आवाज आपोआप येतो. तेंडाईचा आला. तिचं दोन्ही हात कमरेवर ठेवून डॉक्टरांना "माय डिअर" म्हणणं, लांबलचक कॉरिडॉरमधून सावकाश, राणीसारखं चालणं. मी तिच्यासमोरच करायचे आणि ती हसून भिंतीला टेकायची.

पुढच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मला दहा मिनिटं मिळाली. वॉर्डातल्या गमती सांगायच्या ठरल्या. मंडळातले एक काका म्हणाले, "त्या आफ्रिकन बाईचं करतेस ना? मग मेकअप कर. एंट्रीलाच टाळ्या घेशील." मला ते पटलं. आता लिहायलाही लाज वाटते, पण पटलं. मी गडद क्रीम आणलं, कुरळ्या केसांचा टोप आणला, कमरेला उशी बांधली. विचार करा, मी ती मुलगी होते जिला बघायला आलेली दोन स्थळं "रंग कमी आहे" म्हणून परत गेली होती.

आणि तेंडाईला मीच बोलावलं होतं. आईची हिरवी इरकल मी तिला माझ्या हाताने नेसवली, पहिल्या रांगेत बसवलं आणि आत जाऊन तोंड रंगवलं.

मी रंगमंचावर आले आणि सभागृहात हशा फुटला. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. एरवी ही नक्कल तिसऱ्या-चौथ्या वाक्याला रंगायची. तेव्हाच काहीतरी खटकलं, पण हशा चढतो माणसाला. मी दहाच्या ऐवजी पंधरा मिनिटं केलं.

तेंडाई शेवटपर्यंत बसली. जेवली. निरोप घेऊन गेली. दोन दिवसांनी ड्यूटीवर तिने साडी परत दिली, इस्त्री करून, नीट घडी घालून.

"आवाज माझा होता," ती म्हणाली. "चालही माझीच होती. तो चेहरा कुणाचा होता?"

"अगं, गंमत होती ती."

"माहीत आहे. म्हणून तुला सांगतेय. दुसरी कुणी असती तर बोललेही नसते." मग म्हणाली, "लोक हसले तेव्हा मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, माझ्या मागं कुणीतरी आलंय."

त्यानंतर ती कामापुरतं बोलायची. माझाच फणा वर होता. आजकाल लोकांना काही सोसत नाही, नक्कल करायचीच नाही तर हसायचं तरी कशावर, हे सगळं मी मनात घोळवून ठेवलं होतं. ते ऐकवायला मी तात्यांना फोन केला. ते माझी बाजू घेतील अशी खात्री होती.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्याकडं तोंडाला काळं कवा फासत्यात, ठाऊक हाय न्हवं तुला?"

मग त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. माझ्या जन्माआधी ते गावच्या कार्यक्रमात सोंगं करायचे. एका हिवाळ्यात त्यांनी बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगाराचं सोंग केलं. फाटकी बंडी, अंगाला काजळी, आणि बोलणं हुबेहूब. गाव लोळून हसलं. गर्दीच्या कडेला टोळीतली माणसंही उभी होती. दुसऱ्या दिवशी तात्या जनावरांसाठी उसाचं वाढं आणायला फडावर गेले. तिथं मोळी बांधत असलेली एक बाई म्हणाली, "दादा, बोलणं आमचं झ्याक केलंत. पण आम्ही रोज अंघोळ करतोत की वो."

"तिनं वाढं बी दिलं," तात्या म्हणाले. "रागावली आसती तर बरं झालं आसतं. तवापास्नं मी अंगाला काय फासलं न्हाय."

"मग नक्कल करायचीच नाही का?"

"आसं कोण म्हणतंय? माणूस बघून कर. कातडं तर आंधळ्याबिगर समद्यांलाच दिसतं, त्यात तुझी काय कला?"

इथं टीव्हीवर, कॅन्टीनमध्ये हा वाद सारखा चालतो. विनोदी नटाने दुसऱ्या वंशाच्या माणसाचं सोंग घ्यावं की नाही. मला मोठं काही सांगता येणार नाही. ज्याची नक्कल करायची तो पहिल्या रांगेत बसला आहे असं समजून करावी, एवढंच मला कळलं. आणि माझ्या बाबतीत तर ती खरोखरच बसली होती.

मी तेंडाईची माफी मागितली. औषधांच्या खोलीत, दोघींच्या हातात ट्रे असताना. "माझं चुकलं" हे इंग्रजीत म्हणणं सोपं असतं, म्हणून मी आधी ते मराठीत म्हटलं. तिला अर्थ विचारावा लागला नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता माझी पाळी."

आमच्या मुख्य सिस्टर निवृत्त झाल्या, त्या समारंभात तेंडाईने माझी नक्कल केली. अंगावर रोजचाच युनिफॉर्म. टिकली नाही, साडी नाही, काही नाही. फक्त पेन अंबाड्यात खोचलं, हो म्हणताना मान नाहीसारखी हलवली आणि तात्यांशी फोनवर बोलू लागली, इतक्या मोठ्याने की फोनशिवायही इंदापूरला ऐकू जावं. मग फोन ठेवून प्रत्येक वाक्याला "आमच्याकडं." आमच्याकडं ऊन असतं. आमच्याकडं चहा असा नसतो. आमच्याकडं माणसं विचारपूस करतात. सगळा वॉर्ड हसत होता आणि माझ्या पोटात दुखेपर्यंत मी हसले. परक्या देशात कुणीतरी आपल्याकडे इतकं निरखून बघितलंय, याचं केवढं बळ येतं हे मला आधी माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात तात्यांचा फोन आला. पिकाचं, पाण्याचं बोलणं झालं. बोलता बोलता मी म्हणाले, "आमच्याकडं रात्रीपासून बर्फ पडतंय."

तात्या म्हणाले, "आता आमच्याकडं म्हंजी तितलं व्हय?"

खिडकीबाहेर तेंडाई गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत माझी वाट बघत उभी होती. सकाळची पाळी होती.

"दोन्हीकडचं, तात्या," मी म्हणाले. "ठेवते आता, तेंडाई बाहेर थांबलीय."

"आसू दी," ते म्हणाले. "जा आता. बाई थंडीत हुबी आसंल."