बर्फातला राजा आणि सांता क्लाराचा पोप

सोमवारी दुपारपर्यंत राजा चार वेळा गोठून मेला होता. गुरुवारी डेमो होता.

आमची अमेरिकेतली, रेडमंडची कंपनी शाळांसाठी इतिहासाचे गेम बनवते. मी टेस्टिंग बघते. शाळांच्या बोर्डाने हा गेम नाकारला तर प्रोजेक्ट बंद होणार होता आणि आमच्या प्रोग्रामर गिरीशची नोकरी जाणार होती. गिरीश व्हिसावर आहे. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर बिऱ्हाड उचलून नागपूर.

प्रसंग अकराव्या शतकातला. बिशप कोणी नेमायचे यावरून पोपचे आणि जर्मन राजाचे बिनसले. पोपने राजाला धर्माबाहेर काढले. त्यामुळे प्रजेने घेतलेली निष्ठेची शपथही रद्द झाली आणि सरदार उठले. राजा आल्प्स ओलांडून पोपच्या मुक्कामाच्या किल्ल्यापाशी गेला आणि माफीसाठी बर्फात अनवाणी उभा राहिला. इतिहासात शेवटी दार उघडले. आमच्याकडे उघडत नव्हते.

कारण लगेच सापडले. राजाचा पश्चात्ताप शंभर मार्कांवर पोचल्याशिवाय पोप दार उघडत नव्हता. पश्चात्ताप थंडीने वाढायचा. त्याच थंडीने तब्येत ढासळायची. सत्तरच्या पुढे राजा कधी गेलाच नाही.

राजाचा कोड गिरीशचा. पोपचा कोड आमच्या सांता क्लारा ऑफिसातल्या केतकीचा. एकाने बदल केला तर दुसऱ्याचे अप्रूव्हल लागायचे.

"सत्तरवर उघड ना दार, यार," गिरीश कॉलवर म्हणाला.

"का म्हणून? पोप बरोबर आहे. तुझा राजा नाजूक आहे."

"अनवाणी उभाय तो!"

"मग तब्येत वाढव त्याची."

"वाढवली तर पुढच्या सगळ्या लढाया तोच जिंकतो."

"तो तुझा प्रॉब्लेम."

आमचा बॉस ब्रायन वैतागला. "फायनल डिसिजन कोणाचा? हा पोप रिपोर्ट कोणाला करतो?"

"कोणालाच नाही," केतकी म्हणाली.

"राजा पण नाही," गिरीश म्हणाला.

मंगळवारी गिरीशने ईमेलमध्ये पोपला हटवादी म्हटले. केतकीने त्याचा पोपच्या कोडचा ॲक्सेस काढून टाकला. बुधवारी सकाळी गिरीशने माफी मागायला व्हिडिओ कॉल लावला. केतकीने त्याला पाऊण तास वेटिंग रूममध्ये ठेवले.

तेवढ्या वेळात मी आमच्या सल्लागार प्रोफेसरांना फोन केला. राजासाठी दार उघडायला लावले कोणी?

"किल्ला एका काउंटेसचा होता," ते म्हणाले. "तिने रदबदली केली."

काउंटेस आमच्या गेममध्ये होती. शेकोटीपाशी शोभेला उभी. ती ना गिरीशची होती, ना केतकीची, त्यामुळे तिला हलवायला कोणाचे अप्रूव्हल लागत नव्हते. केतकीच्या कोडमध्ये शिफारशीला तीस मार्क आधीपासून होते. शिफारस करणारे कोणी नव्हते, इतकेच. मी काउंटेसला पोपकडे चालत पाठवले. दार उघडले.

मग केतकीला फोन केला. "घे गं त्याला आत."

"आहे का अजून?"

"जाणार कुठे?"

गुरुवारी बोर्डासमोर राजाला माफी मिळाली. टाळ्या पडल्या. डेमो थांबवायला आम्ही विसरलो. राजा घरी गेला, फौज जमवली, रोमवर चालून आला, पोपला हुसकावले आणि स्वतःचा पोप बसवला.

"हा बग आहे का?" बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी विचारले.

"नाही," प्रोफेसर म्हणाले. "असंच झालं होतं."

बोर्डाने गेम घेतला. गिरीश रेडमंडमध्येच आहे. केतकीने त्याला पोपच्या कोडचा ॲक्सेसही परत दिला. महिन्याभराने त्याने पोपचा कोड कॉपी करून स्वतःकडे वेगळा ठेवला. आता गेममध्ये दोन पोप आहेत आणि ते एकमेकांना धर्माबाहेर काढतात. मी बग नोंदवला. प्रोफेसरांनी शेरा दिला: "बरोबर आहे." बग बंद झाला.

हल्ली दोन टीम्सचे भांडण आले की मी कोण बरोबर ते विचारत नाही. किल्ला कोणाचा, ते विचारते.