डाव्या हाताची होडी

आमच्या साडूंना सगळे नळकाका म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे नळ दुरुस्त केले. रस्त्याने जाताना ते घरं माणसांवरून ओळखत नाहीत. ‘हे मोरीतून गळणारं, ते टाकी भरून वाहणारं, आणि ते कोपऱ्यावरचं तीनदा सांगूनही गंजका पाइप तसाच ठेवणारं,’ असं त्यांचं चालतं. एरवी बोलणं कमी, आणि जे बोलतील ते टोचेल असं. त्यांचं स्थळ आलं तेव्हा सासरे म्हणाले होते, “मुलगा चांगला आहे, फक्त तोंड उघडत नाही.” माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, अजून म्हणतात, “बाबांना अर्धंच कळलं होतं. उघडत नाही तेच बरं.”

मला लिहायची सवय नाही. पण साडूंबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटतं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

त्यांना एकच नाद, होडीचा. हिवाळाभर आमच्या तलावावर मासेमारी बंद असते. थंडी सरली की एका रविवारी ती उघडते. साडू काठावर गळ टाकून बसणाऱ्यांतले नव्हेत. त्यांची पद्धत अशी, की होडीला लहानसं इंजिन लावायचं, माणसाच्या चालीने रमतगमत तलावभर फिरायचं आणि मागे लांबच लांब दोरा सोडायचा. दोऱ्याच्या टोकाला पितळेचा चपटा चमचा, चमच्याला गळ. पाण्यातून ओढला जाताना चमचा असा लचकतो, की खोल पाण्यातल्या मोठ्या माशाला वाटतं, एखादं जखमी पिल्लू चाललंय. सगळी खुबी त्या सावकाश जाण्यात.

हंगामाआधी महिनाभर त्यांच्या घरी तयारी चालते. खालच्या मजल्यावरची खोली पूर्वी त्यांची कामाची खोली होती. अजून भिंतीला पाइपांचे तुकडे उंचीप्रमाणे लावलेले आहेत आणि दार उघडलं की ग्रीसचा वास येतो. तिथे इंजिन एका लोखंडी घोड्यावर टांगून, त्याचा पंखा पाण्याच्या पिंपात बुडवून चालवून बघतात. होडी खोलीत मावत नाही. ती गाडीवर चढवून फाटकात उभी करतात, अर्धी अंगणात, अर्धी गल्लीत. सव्वीस वर्षं मी या तयारीला जातोय. मी पोस्टात खिडकीवर कारकून होतो. साडू मला पोस्टमास्तर म्हणतात. बढती नव्हे, टोमणा आहे तो. माझं काम पान्हा देणं, पॉलिशपेपर धरणं आणि दोरा चरखीवर गुंडाळताना दुसरं टोक ताणून उभं राहणं. होडीत मात्र मी कधी बसलो नव्हतो. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी म्हटलं नाही. ते एकटेच जात. तलावावर गेल्यावर कुणाशी बोलावं लागत नाही, हेच त्यांना आवडत असावं.

या हिवाळ्यात ते कुणाच्या तरी मोरीखाली आडवे होऊन जाम झालेला पाइप ओढत होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण कुणी बोलावलं की जातात. पाइप निघाला नाही, त्यांच्या उजव्या खांद्यातला स्नायू तेवढा निघाला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, या हाताने जड ओढायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही, कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. साडूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि बाकी काय करायचं नाही?” डॉक्टर म्हणाले, “बाकी सगळं करा.” बाहेर आल्यावर साडू म्हणाले, “बाकी काय उरलं?”

ताईंनी त्याच दिवशी जाहीर केलं, या वर्षी होडी ताडपत्रीखालीच राहील.

दुसऱ्या दिवशी साडू मला घेऊन तलावावर गेले आणि धक्क्यामागच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. तिथे सात-आठ होड्या झाकून ठेवलेल्या आहेत. ताडपत्र्या फाटल्यात, आत गवत उगवलंय. साडूंना प्रत्येक होडीचा मालक माहीत होता.

“यातली एकही कायमची म्हणून झाकलेली नाही, पोस्टमास्तर,” ते म्हणाले. “सगळ्या ‘या वर्षी राहू दे’ म्हणून झाकल्यात.”

ते बहात्तर वर्षांचे आहेत. मला समजलं.

मग त्यांनी ताईंशी बोलणी केली. मी आणि माझी बायको साक्षीदार. ताई म्हणाल्या, “ठीक आहे. उजवा हात न वापरता सगळं करून दाखवा. माझ्यासमोर. जमलं तर जा. नाही जमलं तर तोंडातून होडी हा शब्द काढायचा नाही.”

“तोंडातून तसंही फार काही निघत नाही,” माझी बायको म्हणाली.

“तू तुझ्या नवऱ्याचं बघ,” ताई म्हणाल्या. “भावोजी पान्हा धरून उभे असतात तेव्हा मला कोटाची खुंटी आठवते.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही होडी उलटी करायला घेतली. उलटी म्हणजे पालथी नव्हे, डाव्या हाताची. गळाच्या काठ्या उभ्या रोवायच्या दोन नळ्या उजव्या काठावर होत्या. साडूंनीच त्या कधीकाळी पाइप कापून बसवलेल्या. त्या सोडवून डाव्या काठावर आणल्या, जुनी भोकं बुजवली. दोन्ही चरख्यांच्या मुठी उजवीकडून काढून डावीकडे लावल्या. जाळीचा आकडा, पकडीची खाच, चमच्यांची पेटी, सगळं उजवीकडून डावीकडे गेलं. इंजिन सुरू करायची दोरी ते आता डाव्या हाताने ओढायला शिकले. पहिले तीन दिवस इंजिनाने दाद दिली नाही. चौथ्या दिवशी ते एकदम सुरू झालं आणि पिंपातलं पाणी माझ्या अंगावर आलं. साडू इतके खूश झाले, की मला पुसायला त्यांचं ग्रीसचं फडकं दिलं.

चरखी फिरवायची सवय गल्लीत केली. दोऱ्याच्या टोकाला वीट बांधून ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची आणि फाटकात बसून डाव्या हाताने ओढत आणायची. सुरुवातीला त्यांचा हात उलटाच फिरे, दोरा आत यायच्या ऐवजी बाहेर जाई. समोरच्या चष्मेवाल्याने दुकानातून विचारलं, “नळकाका, वीट ताजी आहे का?” साडू म्हणाले, “चष्मा लावून बघ.” मधल्या वेळात मी चमचे घासत होतो. जुन्या वायसरांच्या खणांत ते आकारवार ठेवलेले असतात. गळांची टोकं नखावर टेकवून बघायची, रुतलं तर ठेवायचं, घसरलं तर कानस. हे काम मला येतं असं मला वाटतं.

हंगामाच्या आदल्या शनिवारी परीक्षा झाली. ताईंनी साडूंच्या उजव्या काखेत घडी केलेला रुमाल ठेवला.

“हा पडला की नापास.”

“आणि मासा?” मी विचारलं.

“मासा तुम्ही, भावोजी. धरा टोक आणि पळा.”

मी दोरा कमरेला गुंडाळून गल्लीतून निघालो. चौसष्टाव्या वर्षी किती पळणार. तरी मी जमेल तसं ओढलं, मध्येच थांबलो, मध्येच बाजूला गेलो. चष्मेवाला ओरडला, “दमवा, दमवा, मग आपोआप येतो!” साडूंनी मला डाव्या हाताने शांतपणे फाटकापर्यंत आणलं. रुमाल जागेवर होता. मग सगळी वरात खोलीत गेली, त्यांनी इंजिनाची दोरी ओढली आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन पिंपात गुरगुरू लागलं. रुमाल तरी जागेवर. ताईंनी तो स्वतः काढून घेतला.

“जा,” त्या म्हणाल्या. “पण मी धक्क्यावर उभी राहणार.”

रविवारी सकाळी सातला आम्ही तलावावर होतो. होडी पाण्यात सोडली, इंजिन मागे बसवलं. दहा-बारा होड्या आधीच निघून गेल्या होत्या. साडूंनी अंगात तरंगणारं जाकीट घातलं, आपल्या जागेवर बसले आणि डाव्या हाताने दोरी ओढली. इंजिन सुरू. डावा हात मागे नेऊन त्यांनी इंजिनाचा दांडा धरला. होडीला सुकाणू असं वेगळं नाही, त्या दांड्यानेच ती वळते. होडी झोकात निघाली. ताईंनी हातसुद्धा केला.

तीसेक हात गेल्यावर त्यांनी दोरा सोडायला काठीकडे हात नेला. डावा हात. म्हणजे दांड्यावरचाच हात. दांडा सुटला आणि होडी वळली. त्यांनी दांडा धरला, होडी सरळ झाली. चरखीला हात लावला, होडी पुन्हा वळली. असं करत करत त्यांनी एक पूर्ण गिरकी घेतली, मग दुसरी.

धक्क्यावरचा पहारेकरी म्हणाला, “नळकाका, काही हरवलंय का?”

मला तेव्हा समजलं. साडू तीस वर्षं डाव्या हाताने होडी हाकत होते आणि उजव्या हाताने मासे पकडत होते. डावा हात मुकाट काम करत होता, म्हणून तो कामावर आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आम्ही उजव्याची सगळी कामं त्याच्या गळ्यात घातली आणि त्याचं स्वतःचं काम विसरलो. इंजिन महिनाभर खोलीत, होडी फाटकात. दोन्ही एकत्र आलीच नव्हती. साडूंचं मन आधीच खांद्यात अडकलेलं होतं. पण मी तर फक्त बघतच होतो, मला तरी दिसायला हवं होतं.

साडूंनी जागा बदलली. डावीकडे सरकून बसले आणि उजवा हात मागे नेऊन दांडा धरला. दांडा इंजिनाबरोबर थरथरत असतो. त्यांचा चेहरा ताईंनी पाहिला.

“या परत,” त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही.

ते परत आले. इंजिन बंद केलं. धक्क्याला होडी टेकवून तसेच बसून राहिले. दूर पाण्यावर बाकीच्या होड्या एकामागे एक संथ चालल्या होत्या. ताईंनी ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम लिहून ठेवतो. त्या एवढंच म्हणाल्या, “दुखतंय?”

“नाही.”

“खोटं बोलू नका.”

“थोडं.”

पहारेकऱ्याने नजर दुसरीकडे वळवली. मी पान्ह्यांची पिशवी धरून उभा होतो, खुंटीसारखाच. मला म्हणायचं होतं की मी येतो. सव्वीस वर्षं म्हणायचं होतं. पण मला होडीतलं काय कळतं, आणि त्यांना होडीत माणूस नको असतो, असे विचार आले आणि मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

साडू पाण्याकडे बघत म्हणाले, “पोस्टमास्तर, पोहता येतं?”

“नाही.”

“बरं आहे. मग दांडा घट्ट धराल.”

माझ्याकडे जाकीट नव्हतं. पहारेकऱ्याने आतून एक आणून दिलं. ते माझ्या पोटावर बंद होईना. ताईंनी दोन्ही पट्टे दोरीने बांधले आणि कानात म्हणाल्या, “भावोजी, त्यांचा हात वर गेला की मला सांगायचं.” साडूंनी ऐकलं. म्हणाले, “पोस्टात होता तेव्हाही पत्रं फोडून वाचायचा हा.” हे खरं नाही, हेही लिहून ठेवतो.

दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. हे मला समजायला अर्धा तास लागला. साडू मधल्या फळीवर, तोंड मागे करून, दोऱ्यावर डोळे लावून बसले होते. “सरळ,” ते म्हणत. मी सरळ करायला जाई आणि होडी दुसऱ्या बाजूला वळे. “सरळ म्हटलं, साप नाही काढायचा.” मागे आमच्या वाटेची रेघ उमटत होती, ती मी एकदाच पाहिली आणि पुन्हा मागे वळायचं नाही असं ठरवलं. तरी मला भीती वाटत नव्हती. पाणी इतकं जवळ होतं, की हात खाली केला तर लागलं असतं.

एका मोठ्या वळणावर, जे मला घ्यायचंच नव्हतं, दोनपैकी एक काठी वाकली.

“हळू करा इंजिन!” साडू ओरडले. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यांनी काठी पोटाशी टेकवली आणि डावा हात फिरायला लागला. उलटा नाही, बरोबर. मध्ये दोनदा थांबले, श्वास घेतला. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता. जाळी मी धरली आणि पहिल्या वेळी माशाऐवजी नुसतं पाणीच उचललं. दुसऱ्या वेळी मासा आत आला. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा, पाठीवर हिरवट.

साडू त्याच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “वळणावर चमचा खाली जातो आणि मग एकदम वर उसळतो. तेव्हा घेतो तो. मी तीस वर्षं सरळ जात होतो.” मग चमचा पाण्यात सोडत, “पुन्हा तसंच वाकडं जा.”

“कसा गेलो ते मला माहीत नाही.”

“माहीत नसलं तरी चालेल. दांडा धरा नुसता.”

दुपारपर्यंत आम्ही दोन मासे धरले आणि पाच-सहा चुकवले. धक्क्यावर ताई डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधी साडूंचा खांदा चाचपला, मग मासे पाहिले.

“काय म्हणतो खांदा?”

“खांद्याला काही झालं नाही,” साडू म्हणाले. “पण पोस्टमास्तरांना होडी चालवता येत नाही. शिकवावं लागेल.”

“किती दिवस?”

साडूंनी तलावाकडे पाहिलं, जणू तिथे कुठे लिहिलंय.

“हंगाम संपेपर्यंत तरी.”

ताईंनी डबा उघडला आणि पहिली पोळी मला दिली.