शुक्रवारचे तीन प्रश्न

सतराव्या वर्षी माझ्या मालकीची म्हणावी अशी एकच जागा होती, आणि ती एसटी स्टँडाजवळच्या सायबर कॅफेत होती. कॉलेज सुटल्यावर तिथल्या प्लायवूडच्या खोक्यात बसून मी तासभर ब्लॉग लिहायचे. त्यावर माझं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं, मोहल्ल्याचं तर नाहीच. आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या चुलीवर कुठली मासळी शिजतेय हे झाकण उघडायच्या आधी चार घरांना कळतं. त्यामुळे नाव न देणं ही मला माझी मोठी हुशारी वाटायची.

माझा सगळ्यात गाजलेला लेख अब्बांवर होता. अब्बा कुवेतला नोकरीला. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की त्यांचा फोन यायचा आणि तेच तीन प्रश्न यायचे: पाऊस कसा आहे, अभ्यास कसा चाललाय, दादा, म्हणजे अब्बांचे वडील, कसे आहेत. मी लिहिलं, हे आमच्या घरचे हवामान खात्याचे साहेब. सुट्टीवर आले की साबण आणि अत्तर वाटतात, स्वतःच्याच घरात प्यायचं पाणी कुठे आहे ते विचारतात, आणि जरा रुळले की परत जायची वेळ होते. लिहिताना मजा आली, आणि खोटं कशाला बोलू, थोडा सूड उगवल्यासारखंही वाटलं. मस्कत, दोहा, कुठून कुठून प्रतिक्रिया आल्या. एकाने लिहिलं, "आमच्या खोलीत आम्ही आठ कोकणी आहोत. दर शुक्रवारी तुमचं लिखाण मी मोठ्याने वाचतो. हसून हसून मुरकुंडी वळली." मी आठवडाभर हवेत होते.

मग दादांना लकवा मारला. डॉक्टरांनी फार दिवस सांगितले नाहीत. अब्बांच्या रजेला अजून आठ महिने अवकाश होता. आमच्याकडे एक नियम आहे, कुणी लिहून ठेवलेला नाही पण सगळे पाळतात: परदेशातल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. त्याला रजा मिळत नाही, तिथे एकटा जीव काळजीने अर्धा होतो. अम्मीने मला बजावलं, "फोनवर म्हन, दादा झोपलेत." चार शुक्रवार मी तेच म्हटलं. दादा समोरच्या खाटेवर टक्क जागे असायचे, माझ्याकडे बघत असायचे. मला माझीच लाज वाटायची.

घरात हे बोलायची सोय नव्हती, म्हणून मी ब्लॉगवर लिहिलं. दादा मला अब्बांच्या लहानपणच्या नावाने हाक मारतात आणि "होडी बांधलीस काय?" असं विचारतात, हेही लिहिलं. अब्बा दहा वर्षांचे असताना त्यांनी खाडीत होडी नीट बांधली नव्हती, ती ओहोटीबरोबर वाहून गेली होती. दोन दिवसांनी सापडली, पण दादांचा जीव अजून तिच्यातच अडकलेला. लेखात नाव मात्र मी कुणाचंच घातलं नाही.

पुढच्या सोमवारी फोन वाजला. सोमवारी आमच्याकडे कधी फोन येत नसे.

"दादांना फोन दे," अब्बा म्हणाले.

"झोपलेत," मी सवयीने म्हटलं.

 मग ते म्हणाले, "उठव. सांग त्यांना, होडी बांधली म्हनून."



अब्बा सहाव्या दिवशी घरी आले. अम्मी तोवर माझ्याशी धड बोलत नव्हती. नियम मोडला होता मी, आणि तोही जगजाहीर. त्यानंतर दादा सोळा दिवस होते. अब्बा खाटेपासून हलले नाहीत. भरवायचे, अंग पुसायचे, आणि पाणी कुठे आहे ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. दादा दिवसातून दहादा होडीचं विचारायचे. अब्बा दर वेळी, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, "बांधली" म्हणायचे.

परत जायच्या आदल्या दिवशी सकाळी ते पडवीत बॅग भरत होते. मी घाबरत घाबरत म्हटलं, "तुमच्यावरचा तो लेख मी काढून टाकते."

"नको," ते म्हणाले. "आमच्या खोलीत गुहागरचा एक जन वाचतो, आमी ऐकतो. त्या लेखाला सगळ्यात जास्त मीच हसलो. म्हटलं, कोन बिचारा हाय हा! होडीचं त्यानं वाचलान, तेव्हा कळलं."

बॅगेची चेन लागत नव्हती. मी वरून दाबून धरली, त्यांनी ओढली.

पुढच्या शुक्रवारी फोन आला. पाऊस कसा आहे, त्यांनी विचारलं. अभ्यास कसा चाललाय, विचारलं. आणि गप्प झाले. तिसरा प्रश्न ज्यांच्याबद्दल असायचा, ते आता नव्हते. मी रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले.

"काय लिहिलंस?" अब्बांनी विचारलं.