लाल रेघा आणि लासुर्ण्याचे पाहुणे

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात सर्किट बोर्ड आखायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्या कोपऱ्यात काचेची खोली. संगणकाला धूळ सोसत नाही असं मालकांनी कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून त्या खोलीत चपला काढून जायचं. मालक सांगवीचे. माणूस प्रेमळ, पण धीर अजिबात नव्हता.

बोर्डावर सगळे भाग मांडून झाले की कुठली पिन कुठल्या पिनेला जोडायची, त्या तांब्याच्या रेघा आखायच्या. बऱ्याचशा संगणक स्वतः आखायचा, अवघड उरतील त्या मी. मालक सारखे दार ढकलून विचारायचे, "मॅडम, किती झालं?" वैतागून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो बोर्डाची फाइल वाचायचा आणि किती जोडण्या झाल्या त्याचे टक्के पडद्यावर भल्यामोठ्या आकड्यांत दाखवायचा. म्हटलं, आता बघत बसा काचेतून.

ते बसायचेही. पण टक्के कधीकधी खाली यायचे. बोर्डाच्या एका बाजूवर दोन रेघा एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, त्यामुळं नवीला वाट द्यायला जुन्या उचलाव्या लागतात. हे मी कितीदा तरी समजावलं. मालक म्हणायचे, "काल शहाण्णव, आज ब्याण्णव. आकडा काय तोडलेला ऊस हाय का, पडून वजन घटायला?"

एका वर्षी एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा बोर्ड हातात होता आणि तो गळीत सुरू व्हायच्या आत द्यायचा होता. नेमकं त्या गडबडीतल्या एका रविवारी लासुर्ण्याहून मला बघायला पाहुणे यायचे होते. दुपारी येते असं वडिलांना सांगून मी कामावर गेले, आणि बोर्ड सत्त्याण्णव टक्क्यांवर अडला तो अडलाच.

उन्हं कलली तेव्हा शेडपुढं जीप थांबली. वडील उतरले, मागून मुलगा आणि त्याची आत्या. वडील घरी "येईलच एवढ्यात" म्हणत म्हणत थकले होते. शेवटी आत्याच म्हणाल्या होत्या, "ती येईना तर आपुनच जाऊ की. पोरगी काय करती ते तरी दिसंल."

जय भीम झाला. मालकांनी चहा सांगितला, सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि पडद्याकडं बोट केलं. "सत्त्याण्णव टक्के झालंय बघा. आता थोडक्यात हाय."

माझ्या अंगावर रोजचाच पंजाबी ड्रेस, केसांत पेन्सिल खोचलेली. सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन मी एक रेघ घालायला दोन-चार उचलल्या. आकडा पंच्याण्णव झाला.

"मागं चाललंय की वो," आत्या म्हणाल्या.

"तसं जातं मधनंमधनं," मालक शांतपणे म्हणाले. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. वडील खिडकीबाहेर बघत होते.

मुलगा इंदापूरला शाळेत विज्ञान शिकवायचा. तो म्हणाला, "टक्के कळले. पण राहिल्यात त्या कुठल्या, ते कुठं दिसतं?"

ते कुठंच दिसत नव्हतं. रेघांच्या त्या गुंत्यात मी डोळे ताणून शोधत बसायचे.

"दाखवता येईल," मी म्हणाले. "थोडं थांबाल?"

"आमी काय उभं हाय व्हय," आत्या म्हणाल्या.

माझं "थोडं" म्हणजे चहाची दुसरी फेरी झाली. पण प्रोग्रॅमात केलेला बदल चालला आणि राहिलेल्या जोडण्या लाल रंगात उमटल्या. जवळजवळ सगळ्या एकाच कोपऱ्यातल्या, बाहेरच्या तारा जोडायच्या कनेक्टरकडं धावत होत्या. मी मालकांना विचारलं, "हा कनेक्टर पलीकडच्या कडेला नेला तर?"

"न्या. बोर्डाच्या डब्याला भोक तिकडं पाडू."

कनेक्टर हलवला, त्याच्या सगळ्या रेघा सुटल्या आणि आकडा धाडकन ऐंशीच्या खाली आला. मालक उठून बाहेर गेले. संगणक पुन्हा आखायला लागला. मुलगा खुर्ची ओढून पुढं आला आणि एकेक लाल रेघ नाहीशी होताना बघत राहिला. मीही बघत होते, पण सगळा वेळ पडद्याकडंच नाही.

शंभर झाले तसं आत्या म्हणाल्या, "आता इचारू का? सैपाक येतो का गं?"

"येतो. उशीर होतो."

"ते दिसलं," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी लाल रंग काढायला सांगितला. गिऱ्हाईक काचेतून बघून घाबरतं म्हणे. मी तो हिरवा केला. होकार त्याच आठवड्यात आला. आईला मात्र पाहुण्यांना घरी वाढता आलं नाही याचीच रुखरुख होती. जीप शेडकडं निघताना तिनं केलेले पोहे डब्यात भरून जीपमध्ये दिले होते. लासुर्ण्याला परतताना ते भवानीनगर यायच्या आतच संपले, असं मला लग्नानंतर कळलं.