बुडबुडे मास्तर आणि माझं एक माप

पाणी दिसलं की तो आधी कान लावायचा, मग तोंड. विहीर असो, रांजण असो, नाहीतर कुणी प्रेमानं पुढे केलेला तांब्या असो, हा मान तिरपी करून आणि हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचा. "थांबा ना बाप्पा, ते काईतरी सांगून राह्यलं," म्हणायचा. यजमान बिचारे ताटकळत उभे. शाळेतल्या पोरांनी त्याला बुडबुडे मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की पोस्टमनही त्याची पत्रं त्याच नावानं विचारत यायचा.

मत्सर मी आयुष्यात बऱ्याच जणांचा केला. कुणाच्या बढतीचा, कुणाच्या बंगल्याचा. पण तो तोंडी लावण्यापुरता. पोटभर मत्सर केला तो या एकाच माणसाचा, आणि हा माणूस होता खेड्यातला थर्ड क्लासमध्ये पास झालेला मास्तर. त्याच्याजवळ माझ्याजवळ नसलेलं असं काय होतं, हे मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी चिडलो असतो.

अमरावतीला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. माझा पहिला नंबर ठरलेला. प्रॅक्टिकलला मी एक माप घ्यायचो, पुस्तकाशी जुळलं की वही बंद. तो तेच माप सात-सात वेळा घ्यायचा. खिडकी उघडून, खिडकी लावून, भांडं गार असताना, भांडं तापल्यावर. मग वेळ संपायची, गुण जायचे आणि हा हसत बाहेर यायचा. "का गा, पहिला नंबर," मला म्हणायचा, "एका भेटीत मानूस नाई समजत, तं वस्तू काय समजन?" पहिला नंबर हे नाव त्यानंच मला दिलं आणि मला ते आवडायचं, हेही कबूल करून टाकतो. आवडायचं नाही ते इतकंच की आमचे सर मला शाबासकी देऊन पुढे जायचे आणि त्याच्या टेबलाशी मात्र गप्पा मारत थांबायचे.

पुढे मी अकोल्याला सरकारी बोअरिंगच्या खात्यात लागलो आणि तो तेल्हारा तालुक्यातल्या एका गावी मास्तर झाला. गाव खारपाणपट्ट्यातलं. वर काळीभोर जमीन, खाली मिठासारखं पाणी. पाहुण्यापुढे गोड्या पाण्याचा तांब्या आला म्हणजे त्याचा मान राखला असं समजायचं, कारण ते पाणी दूरवरून बैलगाडीनं आणलेलं असे. गोडं पाणी लागेल या आशेनं आमच्या खात्यानं तिथं बोअर मारली. लागलं खारंच, पण त्यासोबत बुडबुडे येऊ लागले. एका गड्यानं हातपंपाशी उभं राहून विडी पेटवली तर पंपाच्या तोंडाशी निळी ज्योत उभी राहिली. गाव घाबरलं, खातं हुरळलं, आणि जमिनीतला हा गॅस काढण्याजोगा आहे का ते पाहायला मला पाठवलं.

मी आधीच निरोप धाडला होता, मापात व्यत्यय नको, त्या दिवशी पंपाला कुणी हात लावू नये. आमचा वऱ्हाडी माणूस बोलायला फटकळ, पण आलेल्या साहेबाचा शब्द खाली पडू देणार नाही. गावानं पंपाचा दांडा दोरानं करकचून बांधून ठेवला होता आणि बायका घागरी घेऊन कोसभर लांबच्या नाल्यावर गेल्या होत्या. मी यंत्र लावलं. काटा जेमतेम हलला.

मास्तर माझ्या मागेच उभा होता. म्हणाला, "दांडा सोड. शंभर घागरी उपसू दे, मंग माप घेऊन पाय. पाण्याचं ओझं हाये त्या गॅसच्या छातीवर, तो दम कसा घेईन?"

त्याचं म्हणणं बरोबर आहे हे मला तिथल्या तिथं कळलं. म्हणूनच मी चार लोकांदेखत मोठ्यानं हसलो. म्हटलं, "मास्तर, हे कॉलेजचं प्रॅक्टिकल नाही. सात वेळा माप घ्यायला सरकार मला पगार देत नाही." लोकही माझ्याबरोबर हसले. तोही हसला. अहवालात मी लिहिलं: साठा अल्प, ठिकाण दूर, काढणं परवडणार नाही. वरिष्ठांना असे आटोपशीर अहवाल फार आवडतात.

वर्षभरानं माझी बायको सुमन तिच्या मावशीकडे त्या गावी गेली आणि येताना पळसाच्या पानात बांधलेला खव्याचा गोळा घेऊन आली. "तुमच्या मित्राच्या भट्टीचा, त्या बोअरच्या गॅसवरचा," म्हणाली. मी म्हटलं, गॅसचा वास येतो. ती म्हणाली, "काहीच्या बाही बोलू नका." गुलाबजाम केले. मी चार खाल्ले आणि प्रत्येकाला नावं ठेवली.

राहवेना म्हणून पाहायला गेलो. पंपाचं पाणी एका बंद पिंपात पडत होतं आणि तिथून हौदात जात होतं. पाण्यातून सुटलेला गॅस नळीनं पुढं एका पालथ्या पिंपाखाली साठत होता. ते पिंप दुसऱ्या टाक्यात तरंगत होतं, दाब यावा म्हणून त्याच्यावर दगड ठेवलेले. पंधरा पावलांवर खव्याची भट्टी, तिच्यावर कढई, खाली निळा जाळ. बायका गुराढोरांसाठी आणि धुण्यासाठी पाणी उपसत, ते जितकं उपसलं जाई तितका गॅस मोकळा होई. जाळ मंदावला की भट्टीवरचा आचारी ओरडायचा, "ओ काकू, हाना ना चार हात!" आणि पंपावरची बाई त्याला दोन शिव्या घालून दांडा मारायची.

"तू लिवलं ते खरंच हाये," मास्तर मला म्हणाला. "हा गॅस अकोल्याले न्याचा म्हटलं तं नळाच्या खर्चातच मरून जाईन. पन त्याले न्याचं काहून? इथलं दूध बी अकोल्याले जायेपर्यंत नासते. दूध बी अडकलं, गॅस बी अडकला. म्या दोघाईचं लगन लावून देल्लं. खवा चालला पाय आता गाडीत बसून!"

इतकी साधी गोष्ट. ती मला का सुचू नये? शिकलो मी, हुद्दा माझा, यंत्रं माझी, आणि डोकं चालावं या माणसाचं! त्या उन्हात उभा राहून मी अक्षरशः जळत होतो, भट्टीपेक्षा जास्त. त्यानं मला खाटेवर बसवलं, गोड्या पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि स्वतः पंपाचं खारं पाणी ओंजळीनं प्यायला. पिण्याआधी कान लावायला मात्र विसरला नाही.

निघताना तो मोटारस्टँडपर्यंत आला. बोअरमध्ये गाळ भरत होता, ती फार दिवस टिकणार नव्हती. बाजूला दुसरी मारायची आणि शेजारच्या दोन गावांतही असंच करून पाहायचं त्याच्या मनात होतं. त्यासाठी सरकारी मंजुरी हवी आणि फायलीत सगळ्यात वर माझा अहवाल. "तुह्यी चूक झाली असं लिवू नको," तो म्हणाला. "फकस्त दुसरं माप लिव. पंप चालू असतानाचं. येजो एक दिवस, मी सोडवून ठेवतो दांडा."

"बघतो," मी म्हटलं.

बघितलं नाही. त्याची तीन पत्रं आली, तिन्ही माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिली. कामाचा व्याप होता, दौरे होते, असं मी सुमनला सांगायचो. खरं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एक ओळ मी लिहिली असती तर तीन गावं त्याचं नाव घेत बसली असती, आणि प्रत्येक वेळी मला आठवलं असतं की दांडा बांधायला मीच सांगितलं होतं. तिसऱ्या पत्रात त्यानं एवढंच लिहिलं होतं, "बायका तुह्यी वाट पाहून राह्यल्या. साहेब येईन तं पंप हानतो म्हनते दिवसभर." ते वाचून मी खण लावून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बोअर गाळानं भरली. जाळ आधी पिवळा झाला, मग विझला. आचारी भट्टी मोडून निघून गेला. दुसऱ्या बोअरचा अर्ज माझ्याच अहवालाचा आधार देऊन नामंजूर झाला, आणि तो कागद पाहिल्यावर मला वाईट वाटण्याआधी हायसं वाटलं. मास्तराची बदली धामणगाव रेल्वे या गावी झाली. तिथं म्हणे तो शाळेच्या टाकीला कान लावून उभा राहायचा आणि नवी पोरं हसायची.

काही वर्षांनी कावीळ होऊन तो गेला. मी धामणगावला गेलो तेव्हा दहावाही होऊन गेला होता. वहिनींना मी पहिल्यांदाच भेटत होतो. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला आणि एक जाड वही आणून समोर ठेवली. "ह्या वहीले कोनाले हात लावू देत नव्हते. तुमी त्याईच्या कालेजातले, तुमाले समजन."

वहीत मापं होती. रोजची. किती घागरी उपसल्या, पिंप किती वर आलं, हवा कशी होती, जाळ किती वेळ टिकला. सणावाराचंही चुकलेलं नाही. आणि अगदी पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, माझं माप. त्या दिवशी मी घेतलेलं. पुढे त्याच्या बारीक अक्षरात शेरा: "पहिला नंबरनं घेतलं. बरोबर आहे. पंप बंद होता."

चूक असं त्यानं कुठं लिहिलं असेल म्हणून मी शेवटपर्यंत पानं उलटली. लिहिलं असतं तर मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडलो तरी असतो. बोअर गाळानं भरली त्या दिवसानंतर पानं कोरी होती. आणि तो कोरेपणा पाहतानासुद्धा, काय सांगू, मला त्या वहीचा हेवा वाटत होता. मी जन्मात कशाचीही अशी वही ठेवलेली नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी कोणतं पान उघडून बसलोय ते त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. केवढ्या कौतुकानं त्यांनी विचारलं, "मंग तुमीच काय ते पहिला नंबर?"

मी होकाराची मान हलवली. नाही म्हणायला तेव्हाही जीभ रेटली नाही.