मोहाखालची जाळी

मंडळी, आज सकाळी गावी गेलो, तर पुतण्याच्या बायकोनं मोहाच्या झाडाखाली हिरवी जाळी बांधलेली. फुलं टपटप जाळीत पडून राह्यली अन् ही निवांत चहा पिऊन राह्यली!

"मेहनतच नाई राह्यली तुमच्यात," मी बोललोच. "माही माय वाकून एकेक फूल वेचे."

"अन् फुलं दिसाले खालचा पाला जाळे. मंग आग जंगलात जाये, नाई का काकाजी?" ती हसली.

ऐंशीच्या दशकात, मी शाळेत असताना, तशाच आगीत आमचा एक मोह जळाला होता. दुसऱ्या वर्षी मायनं उरलेल्या मोहाखाली पुन्हा पाला पेटवला. सगळं गावच असा पाला पेटवायचं.

तुम्हीच सांगा, एवढी कष्टाळू माणसं, पण पाला नुसता झाडून बाजूला करावा, हे कोणालेच काऊन नाई सुचलं?