वीज आणि नेटचं एकच बिल

गावी आईकडे वीज आणि ब्रॉडबँड दोन्ही तिथल्या वीज सहकारी संस्थेकडून. सभासद आई, एकत्र बिल भरणारा मी, इथे सिंगापूरमध्ये, टॅम्पिनीसला. ती एकटी राहते म्हणून मी तिच्या बाहेरच्या खोलीत कॅमेरा बसवला होता. त्यातून मला बोलताही यायचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाहिलं. आई शेजारच्या दोघींशी बोलत बसली होती आणि दारातून आतल्या खोलीतला पंखा फिरताना दिसत होता. मी म्हणालो, "आई, आत कोण वारा घेतंय? युनिटचा दर वाढलाय."

एक शेजारीण हसली. "अगं बाई, सिंगापूरहून पंखे मोजतो तुझा लेक!"

त्या गेल्यावर आई कॅमेऱ्यासमोर आली. "या घरात दिवसरात्र चालणारी वस्तू एकच आहे. तिचं बिल चालतं होय रे तुला?" आणि तिने वायर उपटली.

पुढच्या आठवड्यात तिने संस्थेत अर्ज देऊन ब्रॉडबँडही बंद केलं. माझा फोन ती उचलत नाही. वीजबिल मात्र अजून माझ्याच मोबाइलवर येतं. त्यात वापरलेले युनिट दिसले, की आई आहे एवढं कळतं.